अकरा नंबर

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सातपूरच्या शाळेतले
अठराही डबे उघडले.
एकेकाच्या पोटातली डिस्क काढली,
कुणी किरकिरणारी, कुणी पार मुकी,
आणि इस्माईलभाईच्या भंगाराच्या काट्यावर ठेवली.
नऊ किलोला थोडी कमी भरली
अकरा वर्षांची साठवण.

गांगुर्डे बाई म्हणाल्या, आता हे चालणार कशावर?
मी कपाटाकडे बोट केलं.
खडूच्या खोक्यांवरच्या फळीवर एकच सर्व्हर,
पाठीतून निघालेला निळ्या वायरींचा झुपका.

सकाळी बटण दाबलं
की प्रत्येक डबा वायरीत हाक मारतो:
मी कोण? माझा पत्ता काय?
कपाटातून उत्तर येतं,
तू सात नंबर, खिडकीजवळचा. घे.
मग सगळी सिस्टिम त्याच्यात उतरत जाते
संध्याकाळपर्यंतच्या बोलीवर.
सगळे एकदम लावले तर तुंबतं,
म्हणून पाच-पाच लावतो,
नळाखाली हंडे सरकवावेत तसे.

सातवीतल्या तमन्ना पिंजारीने विचारलं,
सर, माझं बदक आत्ता कुठंय?
म्हटलं, कपाटात.
तिने दाराला कान लावला.
म्हणाली, घुंई करतंय.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते.
नोटांची बंडलं हाताखालून जायची दिवसभर,
सुटताना फाटकावर झडती.
खिसे उलटे, जेवणाचा डबा उघडा.
सायकलच्या हँडलला तो डबा
खुळखुळत यायचा घरापर्यंत.
आज काय केलं? विचारलं
तर म्हणायचे, काम.

दिवाळीत शाळेचं कुलूप तुटलं.
अकरा नंबर गेला.
हवालदाराने विचारलं, आत माहिती काय होती?
काहीच नाही, म्हटलं.
त्याने पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि तसंच लिहिलं: काहीच नाही.

अंबडच्या कुठल्याशा खोलीत
कुणी त्याला बटण दाबून उठवत असेल.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात
तो विचारत असेल, मी कोण,
थोडं थांबून पुन्हा, मी कोण,
आणि भिंतीतून काही येत नसेल.
इथं यादीत त्याचं नाव आहे अजून.
खोडायला एक ओळ पुरते.

तमन्ना आता चार नंबरवर बसते.
बदक तिथंही उघडतं.
चोच तेवढी रंगवायची राहिलीय.