काय पाडलंस आता?

धप्प आवाज आला तेव्हा मी आतल्या खोलीत
उशीला अभ्रा घालत होते.
ओरडले, "काय पाडलंस आता, निबाल्दो?"
नऊ वर्षांत कप, बरण्या, एकदा तर चालू रेडिओ
पाडला होता त्याने,
त्यामुळे राग जिभेवर तयारच असायचा.
उत्तर आलं नाही.
मी अभ्र्याची चारही टोकं नीट केली.
मग गेले.

वालपराईसोच्या या टेकडीवर रुग्णवाहिका चढत नाही.
दोन पोरं एकशे बेचाळीस पायऱ्या चढून आली,
इतकी धापा टाकत, की क्षणभर वाटलं
आधी यांनाच पाणी द्यावं.
त्यांनी त्याच्या छातीवर हात ठेवले, दाबले, दाबले, काढले.
एकाने जाता जाता गॅस बंद केला.
किटली तळाशी काळी झाली होती.
अजून घासलेली नाही.

कचेरीतल्या बाईने विचारलं, मयताच्या तुम्ही कोण?
कागदावर चौकोन होते: पत्नी, मुलगी, बहीण, इतर.
मी इतरवर फुली मारली.
इतर म्हणजे कोण, त्यालाही जागा होती, बोटभर.
बोटभर जागेत काय लिहायचं?
मागच्या खोलीचं भाडं, पाच तारखेचं, वीसला मिळणारं.
रविवारचं शब्दकोडं: उभे शब्द त्याचे, आडवे माझे.
भिंतीपलीकडच्या खोकल्यावरून
समुद्रावर धुकं आहे की नाही ते कळणं.
लिहिलं, घरमालकीण.
बाईने शिक्का मारला.

चिलोए बेटावरून त्याची बहीण आली, एदेल्मिरा,
बटाट्यांचं पोतं घेऊन, जांभळे, वेडेवाकडे बटाटे,
रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून.
लोक तिला भेटायला आले. तिच्या पाठीवरून हात फिरवले.
मी चहा केला, खुर्च्या पुरवल्या,
साखर संपली तेव्हा उसनी आणली.
फक्त खालचा गुमेर्सिंदो, ज्याला धड ऐकू येत नाही,
जाताना माझं मनगट धरून केवढ्याने म्हणाला,
"एर्सिलिया, जेवलीस का?"
जेवले होते मी. चांगली दोनदा वाढून घेऊन.
तरी तिथेच, पायरीवर, बसकण मारली.

कोट तिने नेला. बूट नेले.
बाकीचं टाका म्हणाली.
दाढीचा ब्रश टाकला. काढला. धुतला.
पुन्हा टाकला, कचऱ्याची गाडी खाली वाजेपर्यंत
पाळत ठेवून बसले, की मीच परत काढणार नाही.

दोन महिन्यांचं भाडं बुडवून गेलास, मेल्या.

मेल्या.
नऊ वर्षं हाच शब्द होता: दिवा विझव मेल्या,
खिडकी लाव मेल्या, वारा येतोय.
त्यात माया होती की काय, कुणी तपासलं नव्हतं.
आता तोंडातून निघाला
आणि निव्वळ माहिती झाला.

बेकरीत पाव जोडूनच येतात, मधे नुसती खाच.
मी माझा तोडून घेते. उरलेला संध्याकाळी दगड.
मोठ्या मुलीला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
आई, खोली पुन्हा भाड्याने दे, सोबत होईल.
देईन. जाहिरात लिहिलीही आहे.
समुद्र दिसतो, असं लिहिलं,
मग खोडलं, कारण खुर्चीवर उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.
तो उभा राहायचा.

काल रात्री धरणी हलली. छोटा धक्का, इथे होतात तसा.
आधी कुत्री, मग दिव्याची साखळी,
मग स्वयंपाकघरात काहीतरी खळ्ळकन फुटलं,
आणि अर्धवट झोपेत मी ओरडले,
"काय पाडलंस आता?"

जमीन अजून थांबली नव्हती.
दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले,
सवयीने एका अंगाला सरकून,
दुसऱ्यापुरती जागा ठेवून.

पायऱ्यांवरून कुणी विचारलं, ठीक ना सगळे?
ठीक, म्हटलं.
दिवा लावून पाहिलं.
फुटला तो माझा कप होता.
त्याचा खिळ्यावर, अजून थोडा हलत.