मागचा दिवा

शहापुरात बसलिंगप्पाच्या दुकानात
दिवे काचेखाली मांडलेत,
सोनाराकडं मांडावेत तसे.
मी सेकंड शिफ्टला. साडेअकराला भोंगा,
मग उद्यमबागेतून येळ्ळूरपर्यंत
अंधार, आणि मधे कुत्री.

बाबांचा डायनामो अजून चाकाला घासतो.
चढाला पिवळट, उताराला ऐटबाज,
आणि चौथ्या गेटाशी मालगाडीसाठी पाय टेकला
की गुडूप.
नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी येत असतं.

"हा बघ, बाराशेचा."
बसलिंगप्पा भिंतीवर झोत मारतो,
कॅलेंडरातली अमावास्या लख्ख उजळते.
मी म्हणतो, समोरून येणाऱ्यानं काय करायचं?
त्याचे डोळे दिपले तर तो माझ्यावरच येणार की.
"खाली वाकवून लाव बा.
चार कासऱ्यांवरची माती दिसली, बास."

मग तो एक तांबडा काढतो, बोराएवढा,
आणि दोन्ही दिवे तळहातांवर तोलत म्हणतो,
"मुंदिंदु नोडाक, हिंदिंदु काणाक."
पुढचा बघायला.
मागचा दिसायला.

बघणं मला येतं. सतरा वर्षं झाली या रस्त्याला,
खड्डे पाठ आहेत, वळणावरची बाभळ,
आणि डांबर फासलेली ती पाटी,
तिच्यावर पडलेला उजेड परत येत नाही,
गावाचं नाव आतच राहतं.

दिसणं कधी जमलं नाही.
मोल्डिंगचा काळा शर्ट, काळी सायकल,
काळे हात हँडलवर.
भरमाण्णा कुगजी असाच गेला घरी,
म्हणजे, निघाला होता.
उसाची ट्रॉली.
ड्रायव्हर पोरगाच होता, रडत सांगत होता
आधी पोलिसाला, मग भरमाण्णाच्या भावाला,
दोघांना दोन भाषांत एकच:
काणलिल्ल री.
दिसलाच नाही हो.

खिशात साडेपाचशे.
बाराशेच्याला मी परत काचेखाली ठेवलं.
तांबडा घेतला, तीनशे चाळीसला,
सीटच्या दांडीला आवळून बसवला.
बसलिंगप्पानं बटण दोनदा दाबलं, तो लुकलुकायला लागला.
नको, म्हटलं. काजवा किती लांब आहे
कुणाला सांगता येतं?
एकसारखा जळू दे.

रात्री चौथं गेट पडलेलं.
पाय टेकला, डायनामो विझला.
वळून बघितलं तर
मडगार्डवर, धुळीवर, माझ्या टाचेवर
पळसाच्या फुलाएवढं तांबडं.
मागून ट्रॅक्टर आला, धडधडत, उसानं वाकलेला.
थांबला.
हेडलाइट खाली केला.

मालगाडी लांबलचक होती.
एरवी मी डबे मोजतो.
आज मान मागं करून
त्याच्यातलं आणि माझ्यातलं अंतर मोजत राहिलो:
दोन बैल आरामात उभे राहतील
एवढं.