एक दात जाड, एक बारीक

चेन चढावर पडत नाही.
चढावर पाय जोर लावतात, ती दातांत रुतून बसते,
मान खाली घालून मुकाट चालते.
पडते ती उतारावर,
पेडलवर पाय नुसते ठेवलेले असताना,
लार्चच्या मुळांवरून चाकं धडधडत जाताना,
जेव्हा तिला कुणीच ओढत नसतं.

हे मला गिडियन रदरफर्डने सांगितलं,
ट्वीड नदीकाठच्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
तेहतीस वर्षं तो लोकरीच्या गिरणीत
मागांचा मिस्त्री होता.
गिरणीत आता फ्लॅट आहेत,
बॉयलरच्या जागी कुणाचं तरी स्वयंपाकघर.

"पूर्वी पुढे तीन चकत्या असायच्या," तो म्हणाला,
"आणि त्यांच्यावर एक पिंजरा.
गिअर बदलायला ठेवलेला,
पण जाता-येता राखणही करायचा.
तुम्ही तो काढून टाकलात. वजन वाचलं.
आता दाराशी कोण उभं आहे?"

मग त्याने दाखवलं, कोण.
चकतीचा एक दात जाड, एक बारीक, पुन्हा जाड.
चेनचीही एक कडी रुंद, एक अरुंद.
जाड दात रुंद कडीत.
एका दाताने चुकलं, की चेन टोकांवर तरंगते
आणि पहिल्याच दगडाला निरोप घेते.
माझे दात झिजून मांजरीच्या नखांसारखे झाले होते.
ती चकती त्याने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.
तिथे आधीच बऱ्याच होत्या.

चेन दोन कड्यांनी लांब निघाली.
"सैल ताण्याचं कापड मी कुणाला घालू दिलं नाही," तो म्हणाला
आणि तोडली.
वरच्या अंगाला छोटा गाईड बसवला,
चेनला घासणार नाही इतकाच जवळ,
मधलं अंतर बसचं तिकीट दुमडून मापलं.

शेवटी मागच्या डिरेलरची कळ.
आत क्लच असतो, तो डिरेलरच्या हाताला
दर धक्क्याला पुढे झुकू देत नाही.
चाक काढताना कळ खाली.
चाक बसवलं, की वर.
"हे विसरायचं नाही," तो म्हणाला.
कळ खालीच होती.
तो हात धुवायला गेला, तेव्हा मी वर केली.

मी टपाल वाटते.
मार्चपासून त्याच्या दाराच्या फटीतून
तीन पाकिटं आत सरकवली आहेत,
मागे डोळ्यांच्या दवाखान्याचा शिक्का.
टपालवाल्यांनी पाकिटं वाचायची नसतात.
पण पाकीट हातात उलटं येतं कधी कधी.

रविवारी शर्यत.
डोंगरमाथ्यावर धुकं, मेंढ्यांच्या लेंड्या, चहाचे थर्मास,
आणि माझ्या मागच्या टायरमध्ये काच.
गिडियनने चाक काढलं, टायर बदललं, चाक बसवलं.
मग गुडघ्यावर बसून
अंगठा एकेका दातावरून फिरवला, बत्तीसच्या बत्तीस.
कड्या चाचपल्या. गाईड हलवून पाहिला.
"जा," म्हणाला.

माझ्या पुढे दोघीच उरल्या होत्या.
मी वाकले, पोटरी चोळल्यासारखं केलं,
आणि बोटाने ढकलली.
टक्.

तेहतीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेलेला माणूस.
त्याला ऐकू जाईल असं वाटलं नव्हतं.
त्याने मान वळवली.
"कळ आली होती," मी पोटरी दाखवत म्हणाले.
"हो," तो म्हणाला. "ऐकली."

मी एकोणिसावी आले.
ओल्या मुळांवर दोनदा पाय टेकले,
एकदा तर नेचांत आडवी झाले.
चेन जागच्या जागी.

बुधवारी चौथं पाकीट घेऊन गेले.
शेडमध्ये सायकल स्टँडवर होती,
मी ठेवली होती तशीच,
फक्त डिरेलरच्या कळीला
लाल लोकरीचा एक दोरा बांधलेला,
मिस्त्री मारतात ती दुहेरी गाठ,
बोटाला लागेल एवढी.