सात प्रश्नचिन्हं

गोळीबार चौक, विणकर सोसायटीची माडी.
मे महिना. कूलर कोरडाच फिरतोय.
चारशे बारा सभासद जुन्या डेटाबेसमधून
एक्सएमएलमध्ये उतरवायचेत,
पेन्शनसाठी, सोमवारच्या आत.

फाइल उघडली तर
तिरकी टोपी घातलेला परका ए,
त्याच्या पाठीला नाण्यासारखी खूण,
पुन्हा टोपी, पुन्हा नाणं, ओळीच्या ओळी.
हेडाऊ, धकाते, पराते,
कुणीच ओळखू येईना.

सचिव बारापात्रे वाकून म्हणाले,
"सगळं सडलं का पोरी?"

सडलं नव्हतं.
टेबलाच्या कपाळावर लॅटिन लिहिलेलं, पोटात मराठी.
आपलं एकेक अक्षर तीन-तीन बाइटांचं,
आणि वाचणारा ते सुटं सुटं वाचत होता,
करवतकाठी पदराचे दोरे उसवून मोजावेत
आणि वर सांगावं, लुगडं काही सापडलं नाही.

मग मधल्या दुभाष्याला गप्प बसवलं,
बाइट जसेच्या तसे उचलले,
माथ्यावर लिहिलं, यूटीएफ-८.
'धकाते & सन्स' पाशी एक्सएमएल अडून बसलं,
त्या मुरडलेल्या खुणेचं पूर्ण नाव लिहून दिलं
तेव्हा कुठे पुढे सरकलं.

साडेआठपर्यंत चारशे अकरा माणसं परतली.

दोनशे सत्त्याण्णव नंबर:
??????? निनावे.

बारापात्रे हसले, "नाव गेलं, निनावे राह्यलं."
मग हसायचे थांबले.
इथे उलगडायला बाइटच नव्हते.
कधीतरी कुणीतरी चुकीच्या खिडकीतून सेव्ह केलेलं,
प्रश्नचिन्हाच्या खाली प्रश्नचिन्हच.

सात खुणा. मी बोटांवर मोजलं:
द, मोडका पाय, र, औकार, प, द, वेलांटी.
द्रौपदी! चपखल.
टाइप करून टाकणारच होते.
तरी पाचपावलीला फोन लावला.

"द्रौपदी नाही जी," मुलगा म्हणाला,
"दुर्पता. मायचं नाव दुर्पताच हाय."

मोजलं. द, उकार, र, मोडका पाय, प, त, काना.
तेही सात.

मागून म्हातारीचा आवाज,
"नीट लिहजो म्हणा.
मांगच्या बाईनं बी नीटच लिहलं होतं."

लिहिलं. सेव्ह केलं.
फाइल बंद केली, पुन्हा उघडली:
दुर्पता.
अजून एकदा बंद केली, अजून एकदा उघडली.
मग कूलरमध्ये पाणी घालायला उठले.