ओले हातमोजे

हिल्ला सकाळी सातला येते,
रात्रभर ओउलूच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटून.
बूट दाराशी, काळ्या पावाचा तुकडा उभ्याउभ्याच,
आणि पडद्याआड झोप.
घराला खोली एकच.
तिच्या उशीपासून माझा संगणक चार पावलांवर.

मी नदीच्या बर्फाचं गणित मांडतो,
कुठे तडकेल, कुठल्या पुलाला जाऊन अडेल.
गणित पेटलं की पूर्वी पंखे किंचाळून उठत,
शेपटीवर पाय पडल्यासारखे.
म्हणून पाणी आणलं.
दोन रेडिएटर, हातभर नळ्या,
एक पंप, स्पंजवर निजवलेला.

चुकलोही.
पुढच्या रेडिएटरने सोडलेली ऊब
वरचा मुकाट पीत राहिला,
थोरल्याचा सदरा धाकट्याला, तसा त्याला वापरलेला वारा.
त्याला तळाशी नेलं.
आता वर नुसती जाळी, ऊब आपली आपण निघून जाते.

आणि पंखे.
ते प्रोसेसरच्या तापावर नाचायचे,
तो क्षणात साठ, क्षणात चाळीस.
आता ते पाण्याकडे बघून चालतात.
पाणी लवकर चिडत नाही.
(चिडलं तर लवकर निवतही नाही, पण ते नंतर कळलं.)
मिनिटाला पाचशे फेरे, पाणी चौतीस अंश,
ऐकू येते ती खिडकीखालच्या हीटरची टकटक,
आणि तिचा श्वास.

मंगळवारी पाणी चढायला लागलं.
छत्तीस. अडतीस.
पंप तपासला. नळी दुमडलीय का पाहिलं.
धुळीची जाळी बाल्कनीत नेऊन झटकली, उणे बावीसमध्ये, सदऱ्यावर.
एक्केचाळीस.
पंखे कुजबुजले, मग बोलायलाच लागले.
पडद्याआड कूस बदलली.

तेव्हा कुठे वर पाहिलं.
जाळीवर, शेजारी शेजारी, नीट,
तिचे लोकरीचे हातमोजे.
ओले. अंगठे आत दुमडलेले.

सारा हिवाळा मी हवेला वाट करून देत होतो
आणि ती वाट कुठे निघते
हे तिला न विचारता कळलं होतं.

लगेच उचलले नाहीत.
पाणी बेचाळीसवर जाऊन थांबलं.
मग दोरी शोधली,
जाळीच्या वर वीतभर ताणून बांधली,
खिळ्यापासून दिव्याच्या दांड्यापर्यंत,
आणि दोन चिमटे.

संध्याकाळी उठून तिने हातमोजे चाचपले.
"कोरडे," म्हणाली.
दोरीकडे पाहिलं.
पायमोजेही काढले, तिथेच टांगले.

पाणी पस्तीस.