सातशे सुपं

कॉर्विन, आधी खाली उतर.
सीटवरून ढिगारा लहान दिसतो.
बुडाशी उभं राहिलं की कळतं
आपण काय अंगावर घेतलंय.

तुझ्या बापाने तळं खणलं, त्या उन्हाळ्याची ही माती.
"पुढच्या आठवड्यात हलवतो," म्हणाला होता लॉर्न.
तो आठवडा बावीस वर्षांचा झाला.
माथ्यावर बर्चची तीन झाडं उगवली,
एक कोल्हीण व्याली,
आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून लाहेव्ह नदी गेली.

ट्रॅक्टर चोवीस घोड्यांचा, त्यातले चार म्हातारे.
पुढचं सूप एवढंसं.
मार्लिन व्हायनॉटकडे पोकलेन आहे.
"आर्डिथ, दोन दिवसांत साफ करून देतो," म्हणून हसला.
मी दोन दिवसांचे पैसे विचारले,
मग मी हसले.

तर ऐक.
घट्ट मातीवर सुपाने धडका मारू नकोस.
मी मारल्या, पहिल्या दिवशी, एकोणीस.
मागची चाकं जागीच फिरली,
चिखल कुंपणभर, सुपात मूठभर.
मागे दातेरी वखर लावलाय, तो उतरव,
माथ्यावरून सरळ खाली ओढ.
आडवा कधीच नाही,
आडव्याने तुझ्या आजोबांचा खांदा नेला.
उतार फुकट राबतो, त्याला राबू दे.
माती सैल झाली की आपणहून सुपात येते,
रुसलेल्या माणसाला भलतंच काही विचारलं
की बोलू लागतं ना, तशी.

मागे वजन हवं.
हा सिमेंटचा ठोकळा लॉर्नने बोटीसाठी ओतला होता,
बोट काही झाली नाही.
पुढे उचलायचं तर मागे जड काहीतरी लागतंच.
भरलेलं सूप गुडघ्याच्या खाली ठेव.
वर धरून मिरवलंस
तर सुपातलं हसेल आणि तू आडवा होशील.

आता वाट. अर्धं गणित तिथेच.
फेरी चाळीस पावलांनी लांब पडली
तर सातशे फेऱ्यांना अठ्ठावीस हजार पावलं,
म्हणजे जवळजवळ ब्रिजवॉटर,
आणि तिथे आपलं काहीही काम नाही.
वाटेत खड्डा पडला तर आधी तो भर.
एक सूप वाया गेलंसं वाटतं,
पुढची शंभर सांडत नाहीत.
पाऊस झाला की दोन दिवस थांब.
येताना उलटाच ये, वळायला जागा शोधू नकोस.
मान दुखेल.
दुखू दे.

आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं:
खणलेली माती फुगते. पाचाची सहा होते.
रोज नेशील आणि वाटेल
ढीग मागच्या मागे वाढतोय.
मग पाणथळ भरेल, तू खूश होशील,
हिवाळा जाईल, भर वीतभर खाली बसेल,
आणि तुला आणखी माती लागेल.

मी मोजते. सुपामागे एक शिंपला, कॉफीच्या डब्यात.
काल चारशे अकरा झाले
आणि पहिल्यांदा पलीकडचं दिसलं.
नदी नाही.
मार्लिनची गॅसची टाकी,
पांढरी, उन्हात डुकरिणीसारखी पसरलेली.
इंजिन बंद करून हसत बसले एकटीच.
भरतीला कदाचित टाकीवरून दिसेल
बोटभर पाणी.

आपलं घर आहे ना, ती टेकडीसुद्धा टाकलेलीच.
तुला शाळेत शिकवलं असेल:
बर्फ आलं माती घेऊन, ठेवली, आणि वितळून गेलं.
त्याला मागे वजन भरपूर होतं
आणि खिडकी नव्हती.

तुझा बाप वाईट नव्हता, कॉर्विन.
त्याला सुरुवात छान यायची.

चढ आता.
चारशे बारावं तुझं.
वखर आधी, मग सूप.
आणि ते तिसरं बर्च राहू दे,
त्याला वळसा घालून जा.
वाट लांब पडते.
माहीत आहे मला.