तळवे सोडून

चाळकेवाडीच्या सड्यावर वारा पडला
की पवनचक्क्या एकेक करून थांबतात,
आणि कातळातल्या डबक्यांवरून ते उठतात.
दिसत नाहीत.
उसनं पीठ मागायला आलेल्या शेजारणीसारखे
आधी नुसतेच कानाशी घुटमळतात.

भादव्यातली अवस. आम्ही तिघं:
मी, कॉलेजच्या लॅबमधली, दरसाल बेडूक मोजणारी;
धुळा कोकरे, वाट ज्याच्या पायांना पाठ;
आणि त्याची मायाक्का, वय सात,
घरी एकटी नको म्हणून आलेली.

बाटली आधी धुळाच्या हातात गेली, तिथंच चुकलं.
लग्नातली गुलाबदाणी असावी तशी त्यानं उडवली,
सदऱ्याचं बटण सोडून आतसुद्धा.
"आत नको धुळाभाऊ. उघड्या कातडीवर, फार तर कापडावरनं.
आणि ते करवंदीनं ओरबाडलंय, तिथं तर नकोच."
"झोंबतंय खरं," तो म्हणाला.
मग माझं घड्याळ दाखवलं त्याला:
गेल्या साली याच औषधानं पट्टा असा चिकट झाला,
अर्धवट चोखलेल्या गोळीसारखा.
"आन् हे तू तोंडाला लावतीस?"
"थोडं. जेवढं लागतं तेवढंच."
"किती येळ टिकतं?"
"घाम येईस्तोवर. मग पुन्हा."
"आमची घोंगडी जल्मभर टिकती."
"घोंगडीतनं नाक बाहेर राहतं, भाऊ."
यावर तो बराच वेळ गप्प चालला.

मायाक्काला मात्र बाटली दिली नाही.
माझ्या तळव्यावर घेतलं दोन थेंब,
"डोळे मीट. ओठ मीट."
गाल, कानांच्या पाळ्या, मान, पोटऱ्या.
तिनं हात पुढं केले.
"हात नाही. तुझी बोटं तोंडात जातात."
"न्हाई जात," ती म्हणाली
वेणीचं टोक चघळत.

तिसऱ्या डबक्यापाशी तो बसला होता.
अंगठ्याच्या नखाएवढा, शेवाळावर,
बॅटरीच्या उजेडात गळ्याचा एक ठिपका हलत.
मी पट्टी काढली, वही काढली, हात पुढं नेला
आणि थांबले.

बेडूक तोंडानं पाणी पीत नाही.
सगळं अंग म्हणजे त्याचं तोंड.
माझ्या तळव्यावर जे आहे ते त्याच्या आत जाणार.
दरवेळी लक्षात असतं, मनगटानं लावते, तळवे सोडून.
आज त्या गालांच्या नादात विसरले.
साबण खाली जीपमध्ये,
आणि डबक्यात हात खळबळणं म्हणजे
त्याच्याच घरात विष कालवणं.
धुळाकडं पाहिलं. त्यानं आपले तळवे हुंगले,
मान हलवली.

मग दोघांनी एकदमच पाहिलं
तिच्या त्या दहा कोऱ्या बोटांकडं.

"आधी पाण्यात बुडव. हां. आता ओंजळ.
दाबू नको, नुसतं घर कर."
तिनं घर केलं. तो आत बसला.
मी पट्टी लावली, न शिवता: एकवीस मिलिमीटर.

तेवढ्यात एक डास उतरला
तिच्या तर्जनीच्या पेरावर,
अख्ख्या पोरीत राहिलेली तेवढीच मोकळी जागा शोधून.
तिला दिसला. मला दिसला.
पोट त्याचं हळूहळू लाल होत गेलं.
ती हलली नाही. ओठ तेवढा दातांत धरला.
मी वाकून फुंकर घातली.
सबंध सड्यावर तेवढाच काय तो वारा.

रात्री ठोसेघरात नळावर
साबण लावून तिचे गाल चोळले, मान, पोटऱ्या,
तो उग्र वास जाईपर्यंत.
"आता हात."
मूठ मिटलेली. आत काही नव्हतं,
एक गांधी उठलेली, आणि खाज.

"सकाळी धुती," मायाक्का म्हणाली,
आणि मूठ परकराच्या खिशात घालून
बापाच्या घोंगडीत शिरली.